झोक्याचं शेत

फाटकापाशी काउन्सिलच्या हॉजेससाहेबांनी अंतर मोजायचं चाक थांबवलं. "हे शेत आडवं ओलांडलं की वेल्श शाळा दोन मैलांच्या आत येते, बाई. एवढ्या जवळच्या पोरांना काउन्सिलची बस नाही मिळायची."

सकाळी सहाला एरलिसला डेअरीत हजर व्हावं लागे. बस बंद झाली, तर सोडायला कोणी नाही म्हणून आठ वर्षांच्या लेकीला, मॅब्लीला, दाराशेजारच्या इंग्रजी शाळेत घालावं लागणार होतं. घरात वेल्श भाषा येत होती ती एकट्या मॅब्लीला. एरलिसच्या आईनं ती एरलिसला शिकवलीच नव्हती.

फाटकावरच्या पाटीवरचं शेवाळ मॅब्लीनं बाहीनं पुसलं आणि वाचलं, "काइर सिग्लेन."

"म्हणजे काय गं?" साहेबांनी विचारलं.

"झोक्याचं शेत. सिग्लेन म्हणजे झोका. आमच्या शाळेत आहे ना, दोन दोरांचा."

"बघा. नावच खेळाचं. पोरं उड्या मारत जातील."

साहेबांचं चाक टिकटिकत निघालं. गवत हिरवं, मग जरा जास्तच हिरवं. मध्यावर त्यांच्या पायाखालची जमीन हळूच वर आली, खाली गेली.

"अहो, हे हलतंय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता गुडघ्यापर्यंत आत गेले.

एरलिस चिखलाच्या कडेला पालथी झाली. "चाक इकडे करा. दांडा सोडू नका."

तिनं चाक धरून ओढलं, तेव्हा साहेब बाहेर आले. डावा बूट आला नाही.

"तुझ्या झोक्याचे दोर कुठायत, पोरी?" चिखलाचा मोजा पिळत त्यांनी विचारलं.

मॅब्ली कानापर्यंत लाल झाली. "शाळेत अजून एवढंच शिकवलंय."

साहेब हसले. खिशातून कागद काढून म्हणाले, "पायवाट पोरांच्या चालण्याजोगी नाही, असं लिहितो. सडकेनं अंतर दोन मैलांच्या वर भरतं. बस राहील."

एरलिसनं फाटक लावून घेतलं.

घरी जाताना ती मध्येच थांबली. "माझी आजी एक बोलायची. एखादं कोकरू दिसेनासं झालं की म्हणायची, गेलं सिग्लेनमध्ये. आणि डोळे पुसायची." ती मागं वळून शेताकडे बघत राहिली. "मला वाटायचं, सिग्लेन हे कुठल्यातरी गावाचं नाव. ती असली हलती दलदल होय!"

मॅब्लीनं तिचा चिखलानं भरलेला हात धरला.

"म्हणजे आई, एक शब्द तुझ्याकडे होता."