हरणाबाईचा मेंढा

हरणाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला माडग्याळी मेंढा न्यायला व्यापाऱ्याची पिकअप दारात उभी होती. अमृत दावं सोडायला वाकला, तसे त्याचे वडील तात्याबा आडवे आले.

"ह्यो म्हसवडच्या सिद्धनाथाचा हाय. उपजला तवाच तुझ्या आईनं देवाला सोडलाय."

"आवं तात्या, आईला जाऊन दोन वर्सं झाली. त्ये बी नुसतं तोंडानं बोललेलं. तुमच्याबिगर कुनी ऐकलं हुतं?"

तात्याबांनी मेंढ्याच्या मानेवरून हात फिरवला.

"ह्यानं. कोकरू मांडीवर घिऊन ह्याच्या कानातच बोलली हुती ती. आता ह्याच्या डोळ्यात बघून तूच सांग ह्याला, माजी आई खोटं बोलली म्हनून."