दोन तास चाललो तर?

‘भरभर चाललं की मेंदूतली आठवणींची जागा टिकते, कधी कधी थोडी वाढतेसुद्धा,’ असं निशिगंधाने आजोबांना एकदा वाचून दाखवलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही रिक्षाने जाणारे देवजी दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. जुईनगरच्या बागेत रोज पाऊण तास, वर्षभर, एकही खाडा नाही. म्हातारपणी विसरभोळेपणाची धास्ती घेतली असेल, असं तिला वाटलं.

आज डॉक्टरांनी त्यांची परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले, पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि शब्द परत विचारले. देवजींनी पाचही सांगितले, तेही क्रमाने.

“काका, पोरांना लाजवाल! चालणं असंच सुरू ठेवा.”

“आजा, पार्टी पाहिजे हां!” निशिगंधा म्हणाली.

देवजींचा चेहरा मात्र उतरला होता. “डॉक्टर, दोन तास चाललो तर? अजून वाढंल?”

डॉक्टर हसले. “अहो, सगळं तर आठवतंय. अजून काय पाहिजे?”

देवजी नातीची नजर चुकवत म्हणाले, “हिच्या आजीनं कदी माजं नाव घेतलं नाय. चाळीस वर्सं ‘अवो’ म्हनूनच हाक मारली. ती जाऊन बारा वर्सं झाली. शब्द ध्यानात हाय, डॉक्टर. आवाज नाय.”