वादकांची पंगत

भाषणात चंद्रहासचा गळा तीनदा दाटून आला. माईक सांभाळणाऱ्या सिद्धार्थने मोजलं होतं. सिडनीजवळ पॅरामॅटाच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दिवाळी होती, आणि पाहुणे होते ब्याऐंशी वर्षांचे अंकल क्लाइव्ह. ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या आदिवासींपैकी, जन्मभर सॅक्सोफोन वाजवलेला माणूस. तरुणपणी गावोगावी गोऱ्यांच्या डान्सला जाझ वाजवायचे. पण हॉलमध्ये शिरायचं मागच्या दाराने आणि जेवायचं बाहेर, सरपणाच्या ढिगाशेजारी.

“मित्रहो, आपणही ऑफिसात हेच सोसतो,” असं अध्यक्ष चंद्रहास म्हणाला, तेव्हा पुढच्या रांगेत टिश्यू निघाले. मग अंकलनी आपल्या दोन साथीदारांसह वाजवलं. टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या श्रीखंडाची पातेली आल्यावर.

“सिद्धार्थ, या तीन प्लेट्स मागच्या दाराबाहेर नेऊन दे,” चंद्रहास म्हणाला. “वादकांचं टेबल तिकडे लावलंय.”

“बाहेर?”

“आत आपल्या लोकांत अवघडतील रे बिचारे. आणि पुढच्या टेबलावर स्पॉन्सर आहेत. बँडवाल्यांचं वेगळंच असतं, आपल्याकडे नाही का?”

आपल्याकडचं सिद्धार्थला कुणी शिकवायला नको होतं. अकरा वर्षांत मंडळात कुणी विचारलंच, तर ‘बाबा म्युझिकमध्ये होते’ एवढंच तो सांगायचा. लोक शास्त्रीय गायन समजून आदराने माना डोलवायचे. तो डोलवू द्यायचा.

बाहेर कचऱ्याच्या डब्यांना लागून घडीचं टेबल होतं. अंकलनी टेबल पाहिलं, डबे पाहिले, पेपर प्लेटमधली गार पुरी पाहिली आणि ते हसले.

“साठ वर्षांत फक्त सरपण गेलं, मेट.”

“आत चला अंकल. मी माझी खुर्ची देतो.”

“खुर्ची ज्याने बोलावलं त्याने द्यायची असते,” म्हातारा म्हणाला. त्याने ड्रमवाल्याला गाडी काढायला सांगितली आणि सॅक्सोफोनची पेटी उचलली. तिघं उपाशीच गेले.

सिद्धार्थने तिन्ही प्लेट्स उचलल्या, आत आणल्या आणि स्पॉन्सरांच्या टेबलावर मधोमध आदळल्या. कुणाच्या तरी रेशमी कुर्त्यावर बटाट्याच्या भाजीचा रस्सा उडाला.

“काय तमाशा आहे हा!” चंद्रहास धावत आला. “तुला एवढं झोंबायला काय झालं? तुझा काय संबंध?”

“माझा बाप सॅक्सोफोन वाजवायचा,” सिद्धार्थ म्हणाला. माईक बंद होता, तरी शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. “पुण्यात, लग्नाच्या बँडमध्ये. वरातीपुढे जरीचा कोट आणि जेवायला मांडवामागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाजवळ. मी शेजारी बसायचो. पंगती उठल्यावर जे उरेल ते. तुमच्यासारख्यांच्याच लग्नांत.”

वाढणाऱ्या लीनाच्या हातातला डाव तसाच राहिला. ज्यांनी अकरा वर्षं माना डोलवल्या होत्या, ते आता आपापल्या ताटात बघत होते.

चंद्रहासने एकदा आजूबाजूला पाहिलं. मग चेहरा मऊ करून सिद्धार्थच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे वेड्या, हे आधी नाही का सांगायचंस! तुलाही आज स्टेजवर बसवला असता.”

सिद्धार्थने तो हात खांद्यावरून काढला.

“आणि जेवायला?”