फोनमध्ये जागा नाही

"हीपण बाई नको," बाप म्हणाला.

"आता हिचं काय बिघडलं?"

"घाई करते. वळा, वळा, वळा. सासू आहे का माझी?"

पोरीनं ते ॲप उडवलं. हे दुसरं. पहिलं दर वळणाला जाहिरात दाखवत होतं, म्हणून गेलं. गाडी लॉन्ड्रीच्या आवारात उभी होती, मागे धुतलेल्या चादरींची गाठोडी पार छतापर्यंत. अकराच्या आत सहा हॉस्पिटलांत चादरी पोचवायच्या होत्या. त्यातली चार बापानं कधी बघितलीच नव्हती. मॅनेजरनं सकाळीच सुनावलं होतं, रस्ता विचारत फिरणारा ड्रायव्हर मला उद्यापासून नको.

आजवर बापाला ॲप लागलं नव्हतं. अडला की तो पोराला फोन लावायचा. पोरगा कुरिअरवाला, गल्ली न् गल्ली तोंडपाठ. "बाबा, काय दिसतंय समोर?" एवढंच विचारायचा आणि फोनवरूनच गाडी बरोब्बर दारात नेऊन उभी करायचा. त्याला जाऊन दहा महिने झाले, तेव्हापासून बाप रस्त्यात लोकांना विचारत जायचा.

"तिसरं टाकते," पोरगी म्हणाली. "याला नेट नसलं तरी चालतं. अख्खा नकाशा फोनमध्येच उतरवतं."

फोननं नकार दिला. जागा शिल्लक नाही.

"असेल कुठून? चौदाशे सुप्रभात साठवून ठेवलेत! कुणाला वाटायचेत?"

"काढ की मग."

"काढतेच."

सुप्रभातचे सगळे फोटो गेले. तरी जागा कमीच. ती आणखी आत शिरली.

"बाबा, तुमचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, माहितीय का? हे बघा. मॅनेजर, मॅनेजर, आई, मॅनेजर, पेट्रोल पंप..."

बाप फडक्यानं काच पुसत होता. त्याचा हात थांबला.

"ते राहू दे."

"काय राहू दे? पंपवाल्याचा आवाज रात्री ऐकता का?"

तिचं बोट सरकत सरकत खाली गेलं आणि एका नावावर थांबलं. दादा. खाली तारीख. ती तारीख घरात सगळ्यांना पाठ होती. सकाळचे दहा वाजून चार मिनिटं.

दादा बाइक चालवताना फोनवर बोलत होता, हे घरात माहीत होतं. फोन नेहमीसारखा हेल्मेटमध्ये खुपसलेला. हेल्मेटबरोबर फोनचाही चुरा झाला, त्यामुळे पलीकडून कोण बोलत होतं ते कळलंच नाही. बघणारे म्हणाले, हसत बोलत होता. हसत म्हणजे तीच, मेडिकलच्या दुकानातली त्याची मैत्रीण, असं घरानं ठरवून टाकलं. चौथ्या दिवशी ती दारात आली होती. "काकू, मी नव्हता केला फोन. शपथ घेते." आईनं तोंड फिरवलं. पोरगी पुढं झाली. "खाल्लंस ना माझ्या भावाला?" म्हणाली आणि तिच्या तोंडावर दार आपटलं.

पोरीनं रेकॉर्डिंग लावलं.

"बाबा, काय दिसतंय समोर?" मागे वारा.

"पाण्याची टाकी. निळी."

"निळी? अहो, तुम्ही शहराच्या बाहेर पोचलात!" दादा खदखदून हसला. "वळा मागे. आता टाकी उजव्या हाताला ठेवा, आणि..."

मग काहीतरी फुटल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. मग परत बाप.

"ठेवली. आता पुढं?"

"अरे, ठेवली उजव्या हाताला. पुढं सांग."

"हॅलो? ठेवली रे."

रेकॉर्डिंग संपलं. एक मिनिट बारा सेकंद.

आवारात कुणीतरी बॉयलरची वाफ सोडली. बाप फडक्याची घडी घालत राहिला. घातली, मोडली, परत घातली.

"दहा महिने?" पोरगी म्हणाली.

"तुझ्या आईला सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

"आणि तिला? मी दार आपटलं तेव्हा तुम्ही आतच होता. चहा पीत."

"पीत नव्हतो," बाप म्हणाला. "नुसता कप धरून बसलो होतो."

पोरीनं नाक मनगटानं पुसलं. फोन परत हातात घेतला. मॅनेजर काढला, आई काढली, पंप काढला. एकामागोमाग एक सगळे काढले. ते एकच ठेवलं. आता जागा झाली. ॲप चढलं, नकाशा उतरला आणि वर एक रिकामी चौकट आली. कुठे जायचं आहे?

तिनं टाइप केलं. बापानं वाकून बघितलं.

"हे हॉस्पिटल नाही."

"नाही."

"अगं, चादरी..."

"चादरींचा जीव जात नाही."

मेडिकलचं दुकान नकाशावर लाल टाचणीसारखं उभं राहिलं. ॲपनं दोन रस्ते काढून दिले. एक निळा, नऊ मिनिटांचा. दुसरा फिकट, शहराला वळसा घालून, चोवीस मिनिटांचा. निळा ॲपनं आपणहूनच निवडून ठेवला होता. फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

बाप बराच वेळ दोन्ही रस्ते बघत राहिला. मग साबणानं चिरलेला अंगठा पुढे केला आणि चोवीसवर दाबला.

पोरीनं सीटबेल्ट ओढून लावला.