नव्या गोधडीचा मान

बाळंतपणासाठी शिरगावला माहेरी आलेल्या मनीषाला तिच्या आईने, हौसाबाईंनी, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. शेवटचा टाका पडला त्याच दुपारी इब्रामपूरहून जावई आला. जेवणानंतर हौसाबाईंनी तीच गोधडी त्याला अंथरून दिली.

“आई, ती बाळासाठी ना?” मनीषाने विचारलं.

“आसू दे गं. पहिला मान जावयाचा.”

जावई खुशीत आडवा झाला. हौसाबाई दारातून सांगत राहिल्या, “पावणं, जरा भिंतीकडं सरका. आता ह्या कुशीवर वळा.”

तासाभराने तो आळस देत उठला. “मामी, अशी झोप माका घराकडेय लागणा नाय.”

हौसाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी मनीषाला हळूच आत बोलावलं.

 

“उद्या तुझ्या सासऱ्यांस्नी जेवायला बोलव. सुई आजून सापडली न्हाई.”