लाल दोऱ्याची बरणी

मासे आजही मेले. लाल दोरा बांधलेल्या बरणीत ते पोट वर करून तरंगत होते. शेजारच्या बरणीतले, साध्या नळाच्या पाण्यातले मासे मात्र खुशाल शेपट्या हलवत फिरत होते. तिनं लाल दोऱ्याच्या बरणीत तपासणीची पट्टी बुडवली. पट्टी लगेच रंगली. पुन्हा क्लोरीन.

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात ती केमिस्ट होती, आणि तिथलं सांडपाणी विजेनं शुद्ध करायचं तिनं मनावर घेतलं होतं. टाकीत धातूच्या प्लेटा उभ्या करून वीज सोडली की पाण्यातला रंग आणि रंगातलं विष तिथल्या तिथे नष्ट व्हायचं. जांभळं पाणी आत जाई, नितळ बाहेर येई. ते नितळ पाणी ती लाल दोऱ्याच्या बरणीत भरून तपासायची. पण रंगाच्या पाण्यात मीठही असतं, आणि मिठापासून वीज क्लोरीन तयार करते. तेच माशांना मारतंय, हे तिनं केव्हाच ताडलं होतं. ताडून उपयोग काय? वीज कमी केली, तर पाणी जांभळंच राहिलं. प्लेटा बदलल्या, मिठाचं पाणी वेगळं काढलं, टाकीपुढे दुसरी टाकी बसवली. नाकी नऊ आले, पण मासे काही जगेनात. रंग आणि रसायनांच्या वासानं तिचं नाकही बधिर झालं होतं. आताशा तिला त्या बरण्यांचाच राग यायचा.

मालक दारात येऊन उभे राहिले. बरणीकडे एकदा बघून त्यांनी मान हलवली.

"बाई, आधी निदान रंग बघून लोक पाण्यापासून लांब राहायचे. आता नितळ दिसतंय म्हणून पोरं ओढ्यात उतरतील. उद्या सकाळी फिटर येतोय, टाकी उतरवून टाकू."

तिला भांडायचं होतं. पण ते खरंच बोलत होते, आणि त्याचीच तिला चीड आली. टाकी गेली की जांभळं पाणी पुन्हा थेट ओढ्यात जाणार होतं. आणि खालच्या वस्तीला तर दुसरा ओढा नव्हता.

तिनं नेहमीसारख्या दोन्ही बरण्या रिकाम्या करून पिशवीत घातल्या. कारखान्याच्या मोरीत कशालाही रंग लागायचा, म्हणून बरण्या धुवायला घरीच न्याव्या लागत. धुवायचे मात्र बाबा. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर म्हणून राबलेला माणूस, त्यांना भांडं दिसलं की ते स्वच्छ करायचं असे. लेकीच्या नोकरीबद्दल त्यांचं एकच मत होतं, आणि ते पाहुण्यांसमोरही बोलून दाखवत: "शिकून सवरून गटार उपसते आमची मुलगी." त्यामुळे त्यांनी बरण्या हातात घेतल्या की तिला तो टोमणाच वाटायचा.

आजही तिनं पिशवी ठेवली न ठेवली तोच त्यांनी बाह्या सरसावल्या.

"राहू द्या बाबा. उद्यापासून बरण्या लागणार नाहीत."

"का गं?"

"टाकी काढतायत. माझ्या पाण्यात मासे जगत नाहीत." हे सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

बाबांनी तरी बरण्या पिशवीतून काढून मोरीपाशी ठेवल्या. मग हळूच म्हणाले, "तुझ्या हातून असं कच्चं काम व्हायचं नाही. नीट बघितलंस का?"

इतक्या दिवसांत त्यांनी तिच्या कामाबद्दल बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं. नेमकं आजच. तिला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला.

"आणखी काय बघू? दोन्ही बरण्या सारख्या, दोन्हींतले मासे एकाच दुकानातले. नळाच्या पाण्यातले जगतात, माझ्या पाण्यातले मरतात. मग दोष माझ्या पाण्याचा नाही तर कुणाचा?"

"सारख्या कुठं आहेत?" बाबा म्हणाले. त्यांनी लाल दोऱ्याची बरणी उचलून उजेडात धरली. "नळाची मी नुसती विसळतो. हिच्यात गटाराचं पाणी असतं, आणि तू दिवसभर त्यात हात घालतेस. मला घोर लागतो. म्हणून हिला पहिल्या दिवसापासून ब्लीचिंग पावडर चोळतो आणि तशीच वाळवतो. विसळली, तर सगळं क्लोरीन निघून नाही का जाणार?"