उजवा रकाना

‘ती अजून आहे. प्रभू, तिला माझ्या आयुष्यातून घालव. बायकोला कळू देऊ नकोस.’

मास्तरणीने ते तीनदा वाचलं. स्टेपलर शोधायला म्हणून तिने नवऱ्याचा खण उघडला होता. स्टेपलर राहिला बाजूलाच, हाताला लागली ती प्रार्थनेची वही.

चर्चच्या पाळकसाहेबांनी वर्षाच्या सुरुवातीला मंडळीतल्या प्रत्येकाला अशी एकेक वही दिली होती. डाव्या रकान्यात मागणी, उजव्यात उत्तर आणि तारीख. मास्तरणीने आपल्या वहीत दोन दिवस जगाची शांती मागितली आणि तिसऱ्या दिवसापासून किराणा लिहायला घेतला. नवरा मात्र नेमाने लिहायचा. तो लिफ्टचा मिस्त्री. एरवी त्याचं लेखन ‘लिफ्ट बंद आहे’ याच्या पुढे जात नसे. सकाळी चहाचा कप बाजूला सारून तो मान खाली घालून लिहीत बसला की तिला कौतुक वाटायचं. आता त्या कौतुकाचीच तिला लाज वाटली.

तिने मागची पानं चाळली. भाचीची परीक्षा, समोर ‘पास’. पाळकसाहेबांचा गुडघा, समोर ‘बरा’. आणि गेले तीन महिने मधूनमधून ही बया.

‘ती परत आली. वाटलं होतं, कायमची गेली.’

‘हात लावायचा नाही असं ठरवतो, तरी हात जातोच. क्षमा कर.’

‘गुरुवारी तिचा नवा फोटो पाहिला. आधीपेक्षा भरलीय.’

यांच्यापुढे उजवा रकाना कोरा होता.

मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरलीय म्हणे. इथे घर आणि शाळा यांच्यात बायकोचं पार चिपाड झालं, त्यावर एक ओळ नाही. आणि नाव लिहायची हिंमत नाही, नुसतं सर्वनाम. पाचवीतल्या पोराने असं लिहिलं असतं, तर तिने लाल पेनाने शेजारी ‘कोण?’ असं विचारलं असतं.

‘परत आली’ म्हणजे लग्नाआधीची जुनीच कुणीतरी. मग एकेक गोष्ट जुळत गेली. दर गुरुवारचा उशीर. पट्ट्याला पाडलेलं नवं भोक. पन्नाशीला आलेला माणूस, कधी नव्हे तो सडपातळ व्हायला निघाला होता.

संध्याकाळी जेवताना तिने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“उद्या गुरुवार. उशीर होईल ना?”

“होईल. जुनी लिफ्ट आहे. एकदा उघडली की वेळ जातो.”

“कुठली?”

“आहे एक.” त्याने ताट सरकवलं. “मला बास.”

“कुणासाठी एवढं बारीक होताय?”

तो हसला. “तुझ्यासाठीच, मास्तरीणबाई.”

हातातली पळी त्याच्या डोक्यात घालावी असं तिला वाटलं. तिने ती मुकाट्याने भांड्यात ठेवली. बावीस वर्षांच्या संसाराचं काय करायचं, ते पळीने ठरत नाही.

सकाळी तो लिहून, वही खणात ठेवून कामावर गेला. मास्तरणीची शाळा दुपारची. तिने नणंदेला फोन लावला.

“वन्सं, एक विचारते. लग्नाआधी यांची ही भानगड होती, तुम्हाला माहीत होतं?”

नणंदेने आवाज खाली आणला.

“त्याने सांगितलं तुला?”

“मला कळलं.”

“बरं झालं बाई. त्याने आम्हाला शपथ घातली होती. म्हणाला, तिला कळलं तर लग्न मोडेल. आई किती रडली होती तेव्हा. पण ती गेली ना गं. पुन्हा कधी नावही निघालं नाही.”

“परत आलीय. तीन महिने झाले.”

नणंद रडायला लागली. “मी येते. आजच निघते.”

“काही गरज नाही,” मास्तरीण म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

म्हणजे अख्ख्या घराने मिळून तिला मूर्ख बनवलं होतं. सासू, नणंद, सगळ्यांना ठाऊक. सासू लग्नात गळ्यात पडून म्हणाली होती, माझ्या लेकाला सांभाळ. सांभाळलं की. दुसरीसाठी सांभाळलं.

भांडून काय मिळणार? तो नाही म्हणेल, शपथा घेईल, वर तिलाच संशयी ठरवेल. हा माणूस खरं बोलतो ते फक्त त्या वहीत. मग तिथेच बोलू.

तिने वही काढली. आजच्या मागणीत पुन्हा तेच, ‘आज तिचा निकाल लागू दे.’ लागेल की, का नाही लागणार? पर्समधलं लाल पेन उघडून तिने त्याच्या ओळीखाली डाव्या रकान्यात, फळ्यावर लिहिते तशा मोठ्या अक्षरात लिहिलं:

‘प्रभू, मला सगळं कळलं आहे. यांचं ऐकू नकोस. तिला यांच्यापासून कधीच दूर करू नकोस. मरेपर्यंत ती यांना चिकटून राहू दे. आमेन.’

वही टेबलावर उघडीच ठेवून ती शाळेत गेली. त्या दिवशी मुलांची काही धडगत नव्हती. एका मात्रेसाठी तिने एकाला दहादा लिहायला लावलं. घरी येताना काय बोलायचं, ते सगळं तिने पाठ करून ठेवलं होतं. बॅग कुठली घेऊन निघायचं, तेसुद्धा.

दाराशी त्याचे बूट होते. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिच्या चाहुलीने वळला नाही. लाज वाटत असेल, वाटायलाच हवी, असं म्हणत ती टेबलापाशी गेली. माफी लिहिली असेल तर ती आधी वाचायची, मग फाडायची, असं तिने ठरवलं.

तिच्या लाल ओळींसमोर उजव्या रकान्यात आजची तारीख होती. खाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं:

‘बायकोचं ऐकलंस, प्रभू. डॉक्टर म्हणाले, गाठ आता काढता येणार नाही.’